तुरटी, सोडा, चुना की काढा? घरच्या औषधांना पहिल्यांदा हात लावणाऱ्यांसाठी

आमच्या आजीचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात नुसत्या पुड्या. तुरटी, टाकणखार, नवसागर, गेरू, आणि एका कागदात निळाभोर मोरचूद. एकाही पुडीवर नाव नाही, कारण आजीला रंगावरून आणि हाताला कसं लागतं त्यावरून सगळं कळायचं. आजी गेल्यावर डबा माझ्याकडे आला आणि मला तुरटी कुठली आणि टाकणखार कुठला हेसुद्धा सांगता येईना, दोन्ही पांढरेच खडे, आणि घरात तेव्हा माझी मुलगी रांगत होती, जे दिसेल ते तोंडात. तेव्हापासून मी हे सगळं नीट शिकायला घेतलं. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही, पण जे शिकले ते नवीन माणसाला कळेल असं क्रमाने लिहिते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. "खनिज म्हणजे केमिकल, झाडपाला म्हणजे सेफ" ही वाटणी चुकीची आहे. दोन्हींचा त्रास वेगळ्या वाटेने येतो एवढंच. शिसं, पारा यांसारखे धातू शरीरात मोडत नाहीत, हळूहळू साठतात, हाडात, किडनीत, मेंदूत. झाडपाल्यातली द्रव्यं बहुतेक लिव्हरला मोडावी लागतात म्हणून त्यांचा त्रास झाला तर बरेचदा लिव्हरवर दिसतो. म्हणून दर वेळी विचारायचे प्रश्न तेच: किती जातंय, किती दिवस, कुणाच्या पोटात, आणि त्याच्यासोबत अजून काय चालू आहे.

पहिली पायरी: डबा उलटा करा

घरात जे जे आहे ते टेबलावर मांडा. नाव नसलेली, ओळख न पटणारी पुडी ठेवायची नाही, कितीही जुनी आणि आजीची असली तरी. चाखून ओळखायचं तर अजिबात नाही.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. नायट्याला लावायला, फवारणीला वगैरे घरात आलेला असतो. थोडासा पोटात गेला तरी उलट्या, आणि जास्त गेला तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात, किडनी बंद पडते. घरात ठेवायची वस्तूच नाही ही. बेसिनमध्ये ओतू नका, पिशवीत बांधून वर "विष" असं लिहून घातक कचऱ्यात वेगळा द्या.

सोडा दोन प्रकारचा असतो हे खूप नवीन लोकांना माहीतच नसतं. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, आणि हा दुसरा तोंड-अन्ननलिका भाजवू शकतो. दिसायला दोन्ही पांढरी पावडर. त्यामुळे धुण्याचा सोडा स्वयंपाकघरात नकोच, आणि रिकाम्या झालेल्या खाण्याच्या डब्यात तर कधीच नको.

जे ठेवाल त्यावर मार्करने नाव आणि "फक्त बाहेरून" किंवा "पोटात चालतं" असं मोठ्या अक्षरात लिहा.

दुसरी पायरी: एकेका खनिजाचं खरं काम समजून घ्या

तुरटी. दाढी करताना कापलं, लावली, धुऊन टाकली, काही हरकत नाही. गुळण्या करून थुंकली तरी मोठ्या माणसाला चालतं. पण तुरटीचं पाणी रोज पिण्याचे सल्ले फिरतात ते सोडून द्या, तुरटीत ॲल्युमिनियम असतं आणि किडनी कमजोर असलेल्या माणसाच्या शरीरातून ते नीट बाहेर पडत नाही. अजून एक गैरसमज म्हणजे गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की पाणी शुद्ध झालं. गाळ खाली बसतो, पाणी नितळ दिसतं, जंतू बरेचसे तसेच राहतात. वरचं पाणी ओतून घेऊन उकळावंच लागतं.

टाकणखार. इथे मी जरा थांबणार आहे, कारण लहान बाळांना त्रास होतो तो या अशाच वस्तूंनी. बाळाच्या तोंडात पांढरं आलं की टाकणखाराची लाही करून मधात कालवून बोटाने लावायची, हे पिढ्यान्पिढ्या चालत आलंय आणि प्रेमानेच केलं जातं. पण टाकणखार म्हणजे बोरॅक्स, आणि तव्यावर फुलवला तरी त्यातलं बोरॉन कुठे जात नाही, फक्त पाणी उडतं. १९८३ साली एका ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ७ बाळांची नोंद आली, बोरॅक्स आणि मधाचं मिश्रण चोखणीला लावून दिल्यामुळे त्यांना झटके यायला लागले होते, आणि ते मिश्रण बंद केल्यावर झटके थांबले. मोठ्यांना चाललं म्हणून बाळाला चालेल असं नसतं, बाळाचं वजन किती असतं! शिवाय एक वर्षाच्या आतल्या मुलाला मध कुठल्याही कारणासाठी द्यायचा नाही, त्यात बोट्युलिझमच्या, म्हणजे अंग लुळं पाडणाऱ्या विषबाधेच्या, जंतूंचे बीज असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढतात. तोंडातलं ते पांढरं बहुतेक वेळा बुरशीचं इन्फेक्शन असतं, डॉक्टर त्यासाठी साधं औषध देतात, काही दिवसांत जातं. टाकणखार वापरायची गरजच उरत नाही.

बोरॉनच्याच घराण्यातली दुसरी वस्तू म्हणजे बोरिक पावडर. कॅरमच्या बोर्डवर टाकतो ती, झुरळांसाठी पिठात कालवून गोळ्या करतो तीही. पूर्वी बाळाला लंगोट बसतो त्या भागावर लावायचे, लाल झालेल्या, सोललेल्या कातडीतून ती आत शिरते आणि त्याने बाळं दगावली आहेत. कॅरम खेळून झाला की मुलांचे हात धुवा, आणि झुरळांच्या त्या गोळ्या रांगणाऱ्या मुलाच्या उंचीवर ठेवू नका, पिठाच्या असल्यामुळे त्यांना खाऊ वाटतो.

खायचा सोडा. ॲसिडिटी झाली की पाण्यात चमचाभर सोडा, ढेकर आला की बरं वाटतं. बरं का वाटतं तर सोडा पोटातल्या ॲसिडशी मिळून कार्बन डायऑक्साइड तयार करतो. आता पोट तुडुंब भरलेलं असताना हाच गॅस एकदम झाला तर पोट फाटल्याच्या केसेस मेडिकल नोंदींमध्ये आहेत, म्हणून भरपेट जेवणानंतर लगेच सोडा घ्यायचा नाही, हा नियम लक्षात ठेवाच. दुसरं म्हणजे सोडियम, मिठात असतं तेच. एका सपाट चमचा सोड्यात साधारण १२५० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २००० च्या आत राहा म्हणते. बीपी असलेला माणूस जेवणात मीठ मोजून खातो आणि रात्री झोपताना सोडा पितो, मग बीपी का उतरत नाही म्हणून डोकं धरतो. तर क्वचित, पाव-अर्धा चमचा, पूर्ण ग्लासभर पाण्यात नीट विरघळवून, आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब. बीपी, हार्ट, किडनी यातलं काही असेल तर नाहीच. आणि दर आठवड्याला सोडा लागतोय म्हणजे सोडा हा उपाय राहिला नाही, पोट दाखवायची वेळ आली.

चुना. "गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खा, गुडघे, उंची, कॅल्शियम, सगळं ठीक होतं" असे मेसेज वर्षानुवर्षं फिरतायत. जरा हिशोब करू. चुन्याच्या निवळीच्या १० मिलीमध्ये जेमतेम ९-१० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि मोठ्या माणसाला दिवसाला लागतं १००० मिलिग्रॅम. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं. म्हणजे निवळीतून कॅल्शियम नावापुरतंच, आणि दाणा तसाच गिळला तर पीएच १२ च्या वर असलेली दाहक वस्तू तोंड-घशातून खाली, हा व्यवहार मला तरी पटत नाही.

पण चुन्याची खरी भीती डोळ्याची आहे. पानाच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलं हातात घेऊन दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात. आपल्याकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना ही केस चांगली ओळखीची आहे. ॲसिडपेक्षा अल्कली, म्हणजे चुन्यासारखी क्षारी वस्तू, डोळ्याला जास्त वाईट कारण ती आत आत झिरपत जाते, आणि चुन्याचे कण पापणीखाली चिकटून बसतात. असं झालं तर आधी पाणी, मग बाकी सगळं. नळाखाली, जगने, बाटलीने, जसं जमेल तसं, पापण्या उघड्या धरून कमीत कमी २०-३० मिनिटं धुवा, दिसणारे कण ओल्या कापसाने काढा, आणि डोळ्यांच्या दवाखान्यात जाताना गाडीतसुद्धा बाटलीने पाणी सोडत राहा. दूध, तूप, गुलाबपाणी शोधत बसू नका, पहिल्या मिनिटांवर नजर अवलंबून असते.

सुरमा आणि शेंदूर. पारंपरिक सुरमा म्हणजे बरेचदा लेड सल्फाइड, आणि शेंदूर म्हणजे लेड ऑक्साइड, दोन्हीत शिसं. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा बाळाच्या डोळ्यात सुरमा नाही, कुठल्याही जखमेवर, नाभीवर शेंदूर नाही. पूजेचा शेंदूर पूजेत राहू दे.

गरोदरपणात पाटीवरची पेन्सिल, भाजलेली माती, खडू खावासा वाटतो तोही याच यादीत. त्यातून शिसं जाऊ शकतं, आणि ती इच्छाच बरेचदा रक्तातलं लोह कमी झाल्याची खूण असते. लपवू नका, लाजू नका, हिमोग्लोबिन तपासा.

आणि मीठ. माझ्या मते घरातलं सगळ्यात चांगलं खनिज औषध हेच. जुलाब लागले की १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, घोट घोट पाजत राहायचं, ओआरएसचं पाकीट मिळेपर्यंत याने जीव वाचतात. अंदाजे नाही, मोजूनच, मीठ जास्त झालं तर उलट अपाय. हेच मीठ जीवघेणं होतं ते कधी, तर मुलाने काहीतरी गिळलं म्हणून उलटी काढायला मिठाचं कडक पाणी पाजतात तेव्हा. रक्तातलं सोडियम एकदम वाढून मेंदूवर परिणाम होतो आणि गिळलेल्या वस्तूपेक्षा उपायानेच माणूस जातो. कधीही करू नका.

"मिरॅकल मिनरल" नावाने जे थेंब विकतात त्याबद्दल एकच ओळ: सोडियम क्लोराइटमध्ये लिंबू पिळलं की क्लोरीन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे ब्लीच, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियंत्रण खात्याने, २०१९ मध्ये पुन्हा एकदा लोकांना बजावून सांगितलं की हे पिऊ नका.

तिसरी पायरी: आयुर्वेदिक डबीवरचं बारीक अक्षर वाचा

आता लोक म्हणतात ठीक आहे, खनिजं नको, आम्ही आयुर्वेदिक घेतो. इथेच सगळ्यात मोठा घोळ आहे. आयुर्वेदात वनस्पतींची औषधं आहेत तशी रसशास्त्राची म्हणजे पारा, गंधक, धातू यांचीही आहेत, आणि दोन्हींच्या डब्या दुकानात शेजारी शेजारी असतात, दोन्हींवर हिरवी पानंच छापलेली.

उदाहरण घ्या. सर्दी-ताप आला की कितीतरी घरांत त्रिभुवनकीर्तीच्या गोळ्या सहज घेतल्या जातात, मुलांनाही अर्धी देतात. तिच्या घटकांत सुंठ, मिरे, पिंपळी आहेतच, पण शुद्ध हिंगुळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड आहे, टंकण म्हणजे आपला तोच टाकणखार आहे, आणि वत्सनाभ म्हणजे बचनाग आहे, जो हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारा विषारी कंद. आरोग्यवर्धिनी लोक लिव्हरसाठी स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेतात, तिच्यात कुटकी, त्रिफळा यांच्यासोबत पारा-गंधक, लोह, अभ्रक आणि ताम्र भस्म असतं. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ यात एका "महा"चा फरक, पण त्या महामध्ये धातूंची भस्मं येतात, नाग भस्मसुद्धा, आणि नाग म्हणजे शिसं.

त्यामुळे डबीवर रस, भस्म, सिंदूर, पर्पटी, लोह असे शब्द दिसले की थांबायचं. कोरफडीचा रस, आवळ्याचा रस यातला रस वेगळा, तो नुसता ज्यूस, म्हणून नावावर न जाता घटकांची यादी वाचायची. सगळी भस्मं एका मापाने मोजायची नाहीत हेही खरं, शंख भस्म, प्रवाळ भस्म हे मुख्यतः कॅल्शियम असतं, ते आणि नाग भस्म एकाच पंगतीत बसत नाहीत.

आपल्याकडे कायद्याने याची सोय केलेली आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम १९४५ मध्ये शेड्यूल ई(१) नावाची यादी आहे, तिच्यात पारा, हिंगुळ, हरताळ, मोरचूद असे पदार्थ आहेत आणि बचनाग, कुचला, धोतरा, बिब्बा, जमालगोटा अशा वनस्पतीसुद्धा आहेत. यातलं काही पोटात घ्यायच्या औषधात असेल तर लेबलवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापावी लागते. ती ओळ शोधा. ती दिसली की ती गोळी शेजारणीच्या सल्ल्याने घ्यायची नाही, लेबलवर लिहिलंय तेच करायचं.

वैद्य म्हणतील शोधन-मारण, म्हणजे धातू शुद्ध करून भाजून भस्म करणं, नीट झालं की भस्माचा दोष जातो. त्या शास्त्रात त्यासाठी मोठी प्रक्रिया सांगितली आहे हे मान्य. पण बाजारातल्या डबीत ती प्रक्रिया नीट झाली की नाही हे तुम्हाला-मला घरी बसून कळत नाही. २००४ साली अमेरिकेत बोस्टनच्या आसपास विकली जाणारी ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २००८ मध्ये इंटरनेटवर विकली जाणारी १९३ तपासली, जवळपास पाचातल्या एकात सापडलं, आणि रसशास्त्राच्या औषधांत प्रमाण जास्त. म्हणून माझं मत सरळ आहे: रसौषधी नोंदणीकृत वैद्याने तपासून, ठरावीक दिवसांसाठी लिहून दिली तरच. गरोदर बाई, दूध पाजणारी आई आणि लहान मूल यांना स्वतःच्या मनाने शून्य. आणि व्हिडिओ बघून घरी भस्म करायचं तर नावही काढू नका, पाऱ्याची वाफ दिसत नाही, वासही येत नाही, आणि पूर्ण घराच्या फुप्फुसात जाते.

घेताना डबीवर उत्पादन परवाना नंबर, बॅच नंबर, तारीख, कंपनीचा पूर्ण पत्ता आणि घटकांचं प्रमाण हवं. कागदाच्या पुडीत "आमचं खास चूर्ण, घटक गुप्त" असं कुणी दिलं तर घेऊच नका, मग ते कितीही गुण देणारं असो. कधी कधी अशा पुडीने भराभर गुण येतो तो त्यात मिसळलेल्या स्टिरॉइडमुळे.

चौथी पायरी: नुसता झाडपाला निवडतानाही माप ठेवा

तोंड आलंय, तर टाकणखाराऐवजी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, छाल्यावर साजूक तूप किंवा ज्येष्ठमधाचा लेप. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा छाला मात्र दाखवायचाच, त्यातही तंबाखू खाणाऱ्याने तर लगेच.

पण ज्येष्ठमधाचंही ऐका. गोड लागतं म्हणून लोक दिवसभर कांडी चघळतात, चहात घालतात. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात पाणी-मीठ साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. चार-पाच दिवस खोकल्यापुरतं ठीक. बीपीवाल्यांनी, लघवीची गोळी चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी टाळावं.

पोट साफ होत नाही, तर इसबगोल चांगला, फक्त मोठा ग्लास पाणी हवंच नाहीतर तोच घशात किंवा आतड्यात फुगून अडकतो, आणि बाकी गोळ्यांपासून दोन तास लांब. सोनामुखी आठवडाभराच्या वर नाही, आतड्याला सवय लागते. सोनामुखी घातलेली चूर्णं "नैसर्गिक" म्हणून वर्षानुवर्षं घेतात लोक, यादी वाचा.

गुळवेल. कोविडच्या काळात घरोघरी काढा उकळला. २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हरतज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या ६ पेशंटची नोंद छापली, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, ओळखण्यात चूक झाली असेल, दुसरीच मिळतीजुळती वेल असेल असं म्हटलं. मला यातून एवढं कळतं की कुंपणावरची वेल अंदाजाने तोडून आणायची नाही, महिनोन्महिने घ्यायची नाही, आणि लिव्हरचा किंवा ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा) आजार असेल तर विचारल्याशिवाय नाहीच. अश्वगंधाही तसंच, लिव्हरच्या इजेच्या नोंदी आहेत, थायरॉइड हार्मोनचं प्रमाण वाढवू शकतं, गरोदरपणात नको.

बाळगुटीतलं वेखंड हा नाजूक विषय आहे, घरात वाद होतात याच्यावरून. वेखंडाने बाळांना उलट्या, सुस्ती येते, आणि सहाणेवर किती वेढे घेतले त्यावर डोस ठरतो म्हणजे रोज वेगळा. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूध सोडून काहीही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. आजींना दुखवायचं नसेल तर डॉक्टरांकडे जाताना आजींना सोबत न्या, मी हेच केलं.

भाजीत, दुधात हळद ठीक. हळदीच्या अर्काच्या जोरदार कॅप्सूल, त्यात मिऱ्याचा अर्क, हे वेगळं प्रकरण, लिव्हरच्या इजा त्या कॅप्सूलनी झालेल्या आहेत, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत तर नकोच.

पाचवी पायरी: एका वेळी एकच, आणि वहीत लिहा

काय घेतलं, किती, कधीपासून, काय वाटलं, चार शब्द पुरे. तीन गोष्टी एकदम सुरू केल्या तर अंगावर पुरळ कशाने आलं ते कोण सांगणार. डॉक्टरांना हे सगळं सांगायचं, विचारलं नाही तरी सांगायचं, ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही. ते रागावतील म्हणून लोक लपवतात. रागावले तर रागावू देत.

खूण काय बघायची? डोळे-लघवी पिवळी, भूक एकदम गेली, अंगाला खाज, तर चालू असलेला काढा-गोळी त्याच दिवशी बंद आणि लिव्हरची टेस्ट. पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, रक्त कमी, हातपाय बधिर, चिडचिड, आणि भस्मं किंवा रसौषधी चालू असतील तर रक्तातलं शिसं तपासायला सांगा, नाहीतर पोटाच्या सोनोग्राफ्या होत राहतात आणि कारण सापडत नाही.

कुणी काही गिळलंच तर

उलटी काढायची नाही. दाहक वस्तू जाताना भाजते, परत येताना पुन्हा भाजते. तोंडात उरलेलं बोटाने पुसून काढा, चूळ भरायला लावा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र चोवीस तास चालतं, डॉक्टर तिथे विचारू शकतात. आणि ती पुडी, डबी, उरलेली पावडर, जे काही असेल ते सोबत घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न "काय घेतलं होतं" हाच विचारतात, आणि बिननावाच्या पुडीपाशी सगळे अडतात.